पहिल्या पिंजऱ्यातले उंदीर

आत्या,

आमच्या प्रोजेक्टचा निकाल लागला. सराट्याचा अर्क दिलेल्या उंदरांच्या किडन्या बऱ्यापैकी वाचल्या. मॅडमनी एकेकीला बोलावून मायक्रोस्कोपमधून दाखवलं. गटातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी समोसे आणले. मी समोसा हातात धरून उभी राहिले आणि मला तुझा इतका राग आला, की तो समोसा खाली ठेवावा लागला.

तुला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. अशा वेळी गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहितात, हे मला कळतं. मी लिहायला बसले तेव्हा आबाही म्हणाले, "चांगलं लिही बरं का. लई सोसलं तिनं." माझे वडील असले तरी आबा तुझे धाकटे भाऊ. ते तुझ्याबद्दल बोलताना अजूनही तू शेजारच्या खोलीतून ऐकते आहेस अशा आवाजात बोलतात. मी चांगलंच लिहिणार होते. पण पहिल्यांदा भांडणच आठवतं, काय करू? आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं आणि तू उठून गेलीस. हे तुझं नेहमीचंच होतं. उत्तर सुचलं नाही की तुला तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायचा.

बारावीनंतर मी करमाडहून शहरात, छावणीत तुझ्याकडं राहायला आले, तो दिवस मला नीट आठवतो. तुझ्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत पोळी-भाकरी केंद्र, मागच्या खोलीत आपण. शेंद्र्याच्या कंपन्यांत काम करणाऱ्या एकट्या माणसांच्या डब्यांना तुझ्या भाकरी जायच्या. तू एका तव्यावर, तुझ्या जोडीला काम करणारी ताराबाई दुसऱ्यावर. दोघी जमिनीवर, एक पाय दुमडून, एक गुडघा उभा करून, पुढ्यात लाकडी काठवट घेऊन बसलेल्या. पाहुणी म्हणून नुसतं बसून राहणं मला बरं वाटेना. मी हात धुतले आणि तुझ्या काठवटीतल्या पिठाला हात घातला. तू पिठाच्याच हातानं माझ्या मनगटावर चापट मारलीस.

"हात बाजूला घे."

"अगं, मला येते भाकरी. घरी करतेच की."

"येती म्हणूनच म्हणते. बाईला भाकरी चांगली जमली, की मग लोकं तिला दुसरं काही करू देत नायत."

ताराबाई हसली होती. तू नव्हती हसलीस. त्यानंतर चार वर्षं मी तुझ्या घरात फुकटचं गरम गरम खाल्लं आणि पिठाला हात लावला नाही. परीक्षेच्या दिवसांत मला लाज वाटायची. तुम्ही दोघी घामानं भिजलेल्या आणि मी मागच्या खोलीत पंख्याखाली पुस्तक घेऊन. एकदा मी उठून आले तर तू उलथणं उगारलंस.

घरातली कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळं मी नक्की काय शिकते हे सांगायची वेळ आली की सगळ्यांचीच पंचाईत व्हायची. कुणी विचारलं, तर तू ती तुझ्या पद्धतीनं सोडवायचीस.

"काय शिकायली म्हणं तुमची भाची?"

"कंपाउंडर व्हायलीय."

"आत्या, फार्मसी म्हणतात त्याला."

"तेच ते. डॉक्टर लिहितो, ही पुडी बांधती."

शेवटपर्यंत मी तुझी 'कंपाउंडर'च राहिले. पहिल्या वर्षी मला याचा राग यायचा. आता वाटतं, अजून एकदा हाक मार.

तुझ्या गुडघ्यांचं दुखणं माझ्या आधीपासूनचं होतं. मी आले तेव्हाच हळदीच्या डब्याशेजारी ती छोटी पत्र्याची डबी होती आणि तिच्यात त्या गुलाबी गोळ्या होत्या. सकाळी कामाला बसायच्या आधी तू एक गोळी घ्यायचीस. "ही घेतली की दुपारपर्यंत गुडघे माझे, मग पुन्हा परक्याचे," म्हणायचीस. कोणत्या डॉक्टरनं लिहून दिली होती ते तुलाही आठवत नव्हतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये तू नुसता गुडघ्याला हात लावलास की तो माणूस पाकीट काढून द्यायचा. तुमचं बोलणंसुद्धा व्हायचं नाही.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला दुखण्यावरच्या गोळ्यांचा धडा होता. मी तो वाचला आणि पुस्तक घेऊनच पुढच्या खोलीत आले. या गोळ्या वर्षानुवर्षं रोज घेतल्या तर किडनीवर काय होऊ शकतं ते तुला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, पुस्तकात छापलेलं आहे म्हटल्यावर तू ऐकशील. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बरं. मग गुडघ्यावर काय लिहिलंय ते वाच."

गुडघ्यावर लिहिलं होतं की खाली बसणं टाळावं.

म्हणून तर ते टेबल आणलं ना आपण! आबांनी करमाडच्या सुताराकडून भक्कम, ओट्याएवढ्या उंचीचं करून घेतलं, वर फरशीचा तुकडा बसवला आणि टेम्पोत घालून छावणीत आणलं. म्हटलं, उभी राहून थाप, गुडघे वाचतील, गोळी सुटेल. मी किती खूश होते. तू टेबलाभोवती एक फेरी मारलीस, फरशीवर हात फिरवलास.

"लई झ्याक हाय. पर उभ्यानं थापलेली भाकरी फुगत नाय."

"का नाही फुगणार? पीठ तेच, तवा तोच."

"भाकरी हातानं मोठी होत नाय, कंपाउंडर. अंगाचा भार पडावा लागतो तिच्यावर. खाली बसलं की भार पडतो. उभ्यानं नुसतं गोंजारणं होतं."

"एकदा करून तर बघ."

"बघितलंय. माझ्या सासूनं उभ्याचा ओटा केला होता. वर्षभर पापड खाल्ले आम्ही."

हे खोटं होतं, आत्या. तुझ्या सासरी ओटा कधी नव्हताच, हे मला आबांनी नंतर सांगितलं. टेबलावर तू पिठाचे डबे मांडलेस, आणि ते डबे तिथंच राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र कौतुकानं सांगायचीस, "भाचीनं आणलंय टेबल."

मग शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आला. काही औषधांनी किडनीला इजा होते. ती इजा वनस्पतींच्या अर्कानं कमी करता येते का, हे उंदरांवर बघायचं, असं आमच्या मॅडमचं काम होतं. आमच्या गटाला गोखरू मिळालं. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा ताराबाईनं विचारलं, गोखरू म्हणजे काय? मी म्हटलं, आपला सराटा.

"आगं बया! पायात मोडायचा तो काटा? तो किडनीला जपतो?"

ताराबाईला हसू आवरेना. करमाडच्या शेतातून अनवाणी चालताना त्याच सराट्यानं आमचे पाय फोडलेत, सायकलींच्या ट्यूबा फोडल्यात. मलाही हसू आलं. तू मात्र हातातला उंडा तसाच धरून विचारलंस, "कशापासून जपतो?"

"औषधांनी होणाऱ्या इजेपासून. आम्ही उंदरांना एक इंजेक्शन देतो, त्यानं किडनी बिघडते. पण तुझ्या गुलाबी गोळीनं पण बिघडू शकते."

मी ते मुद्दाम जोडलं होतं. म्हटलं, तेवढंच निमित्त. तू 'बिघडू शकते' ऐकशील असं मला वाटलं. तू फक्त 'जपतो' ऐकलंस.

तुझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक गोष्टीला उतारा होता. शेंगदाणे जास्त झाले तर वर गुळाचा खडा. आंब्यावर तूप. वांगं बाधलं तर ताक. गरम पडलं त्यावर थंड, जड झालं त्यावर हलकं. उतारा माहीत असला की कशाचंच भय नाही, असं तुझं साधं गणित. गोळी गरम असते हे तू मानायचीसच, वर सब्जाचं पाणी प्यायचीस. आता त्या गोळीचा खरा, कॉलेजनं शोधलेला उतारा घरातल्याच पोरीनं आणला होता. पुढच्याच रविवारी आबा खताच्या धुतलेल्या गोणीत सराटे भरून घेऊन आले. तूच त्यांना फोन केला होतास. मला विचारलंही नाहीस.

जर्मनच्या पातेल्यात काढा उकळायला लागला. तू प्यायचीस, ताराबाईला पाजायचीस. आणि थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की तू दुपारीही एक गोळी घ्यायला लागली होतीस.

"आत्या, दुसरी कशाला?"

"आता उतारा हाय ना. संध्याकाळच्या डब्यांची ऑर्डर वाढलीय."

मी किती परींनी सांगितलं. आमचा अर्क वेगळा, तुझा काढा वेगळा. तो किती दिवस, किती प्रमाणात द्यायचा हे ठरलेलं असतं. उंदराला लागू पडलं म्हणजे माणसाला पडेल असं नाही. आमचं इंजेक्शन वेगळं, तुझी गोळी वेगळी. अजून आमचाच निकाल आलेला नाही. तू शांतपणे ऐकायचीस आणि एखादंच वाक्य टाकायचीस.

"तुम्ही उकळूनच काढता ना? मी पण उकळूनच काढायलीय."

माझं बोलणं असं आहे, मी अडखळते. एखादी गोष्ट पक्की माहीत असली तरी 'असं असू शकतं' म्हणते. मॅडम म्हणतात, ही चांगली सवय आहे, शास्त्रात असंच बोलावं. पण घरात असं बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. मेडिकलवाला कधी 'असू शकतं' म्हणाला नाही.

एक दिवस तू कॉलेजात आलीस. डब्यांचा टेम्पो त्याच रस्त्यानं जाणार होता आणि मी डबा विसरले होते, म्हणून त्यात बसून आलीस. पदराला पीठ लागलेलं. डबा माझ्या हातात देऊन म्हणालीस, "उंदरं दाखव."

आत कुणाला सोडत नाहीत. पण मॅडम चांगल्या आहेत, त्यांनी तुला दाराच्या काचेतून बघू दिलं. तू काचेला नाक लावून उभी. मी बोटानं दाखवत होते. पहिल्या पिंजऱ्यातल्या उंदरांना काहीच देत नाही, नुसतं खाणं आणि पाणी. दुसऱ्यातल्यांना रोज इंजेक्शन. तिसऱ्यातल्यांना इंजेक्शन आणि थोडा अर्क. चौथ्यातल्यांना इंजेक्शन आणि जास्त अर्क.

"म्हणजे मी चौथ्यातली," तू म्हणालीस.

बाहेर आलो. कॉलेजच्या पायऱ्यांवर तू गुडघे धरत धरत बसलीस आणि मला म्हणालीस, "एक सांग. त्या तिसऱ्या-चौथ्या पिंजऱ्यातल्यांचं इंजेक्शन बंद करता का तुम्ही?"

"नाही. ते चालूच असतं."

"मग? तुझ्या मॅडमचं कॉलेज इंजेक्शन चालू ठेवून वर सराटा पाजतं, ते शास्त्र. मी गोळी चालू ठेवून सराटा पिते, तर मी अडाणी?"

मला उत्तर सुचेना. मग मला पहिला पिंजरा आठवला. मी जवळजवळ ओरडलेच, "पण सगळ्यात चांगली किडनी त्या दोन्हींची नसते, आत्या! पहिल्या पिंजऱ्यातल्यांची असते. ज्यांना काहीच दिलेलं नाही त्यांची. अर्क कितीही चांगला निघाला तरी तो पहिल्या पिंजऱ्याच्या जवळ नेतो, तिथं पोचवत नाही. म्हणून म्हणते, गोळीच नको."

मला वाटलं, जिंकले. पायऱ्यांवरून उतरणाऱ्या मुला-मुलींकडं तू बघितलंस. मग म्हणालीस, "पहिल्या पिंजऱ्यातल्या उंदरांना भाकरी थापाव्या लागत्यात का?"

आणि उठलीस. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही. मला तुझा राग आला, स्वतःचा आला, प्रोजेक्टचाही आला. दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं, की ज्यांना औषध बंद करता येत नाही त्यांच्यासाठीच हे संशोधन आहे ना? मॅडम म्हणाल्या, हो, ज्यांचा जीव त्या औषधावर अवलंबून आहे त्यांच्यासाठी. मग मी विचारलं, ज्यांचं पोट अवलंबून आहे त्यांचं काय? मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, हा प्रश्न आपल्या विषयाच्या बाहेरचा आहे.

तुझ्या पायांवर सूज यायला लागली ती त्यानंतर. चपलेचा पट्टा रुतायचा. मी दोन बोटांनी दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. तू म्हणायचीस, बसून बसून पायात पाणी उतरतं, ताराच्या पण उतरतं. मी म्हटलं, एक रक्ताची तपासणी करू, एवढंच कर, मी पुन्हा काही बोलणार नाही.

"सुई टोचून रगत काढायला मी काय तुझा उंदीर हाय?"

ताराबाई हसली. तूही हसलीस. मला ते अजून ऐकू येतं. तुमचं दोघींचं हसणं इतकं छान होतं की त्याच्यापुढं रागावून उभं राहिलेलं माणूस वेडंच दिसायचं. मी आबांना फोन करून सांगितलं. आबांनी तुला फोन केला आणि तू त्यांनाच दम दिलास, पोरीला अभ्यास करू द्या म्हणून. मी मेडिकलवाल्याकडं गेले आणि म्हटलं, तिला गोळ्या देऊ नका. तो म्हणाला, "ताई, मी नाही दिल्या तर पुढच्या चौकात मिळतील." खरंच होतं. आणि पुढच्या चौकापर्यंत तू त्याच गुडघ्यांवर चालत गेली असतीस.

सरकारी दवाखान्यात तुला नेलं तेव्हा तुला धाप लागली होती आणि तोंडाची चव गेली होती. रिपोर्ट बघून तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं? तू बोटांवर मोजायला लागलीस आणि मध्येच सोडून दिलंस. मग त्यांनी विचारलं, अजून काही घेता का, झाडपाल्याचं वगैरे? ताराबाईनं काढ्याचं सांगितलं. डॉक्टर चिडले. "कुणी सांगितला हा काढा?"

मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "माझ्या मनानं घेतला. पोरगी रोज भांडत होती, नको म्हणून."

किती सहज बोललीस! इतके महिने मी भांडत होते ते तुला ऐकू येत होतं, मनात नोंदही होत होती, हे मला तेव्हा कळलं. मला धड रडू येईना, धड रागवता येईना. म्हणजे ऐकत होतीस तर!

किडनी गोळीनं गेली, की वाढलेल्या बीपीनं, जे तू कधी तपासलंच नाहीस, की सगळ्यानं मिळून, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. काढ्यानं भर घातली का, तेही नाही. ते म्हणाले, आता उशीर झालाय, कारण शोधून उपयोग नाही. मला उपयोग आहे, आत्या.

डायलिसिस सुरू झालं. काही दिवस तू जरा हुशार दिसायला लागलीस. पलंगावर पाय लांब करून पडलेली तुला मी पहिल्यांदाच बघत होते. तुझे हात पिठाशिवाय किती वेगळे दिसतात! नखं स्वच्छ. मला जवळ बोलावलंस.

"बघ कंपाउंडर. आले का नाय पहिल्या पिंजऱ्यात? ना भाकरी, ना गोळी. नुसतं खाणं आणि पाणी." मग पाण्याच्या बाटलीकडं बघून म्हणालीस, "पाणी पण मोजून."

मी म्हटलं, "बरी हो, मग भांडू."

"भांडायचं काय राहिलंय?"

"टेबल राहिलंय."

"उभ्यानं फुगत नाय," तू डोळे मिटून म्हणालीस.

आपलं शेवटचं धड बोलणं ते. पुढचे दिवस मला लिहायचे नाहीत.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. पहिल्या पिंजऱ्यातल्या उंदरांनाही शेवटी मारतातच. त्याशिवाय किडनी कशी बघणार? त्या दिवशी काचेतून तू त्यांच्याकडं इतकं हौसेनं बघत होतीस, की मला ते सांगवलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग कशाला पाहिजे तो पहिला पिंजरा? आणि पुन्हा मला उत्तर सुचलं नसतं.

तेराव्याला घर भरलं होतं. मी पाणी देत फिरत होते आणि कानावर पडत होतं. एक बाई म्हणाली, "एवढा काढा पीत होती, तरी असं झालं." दुसरी म्हणाली, "काढा पीत होती म्हणून तर एवढी वर्षं निघाली." काढा तू वर्षभरही प्यायली नव्हतीस. पण सगळ्यांनी माना हलवल्या. मी तांब्या घेऊन तिथंच उभी राहिले. याच्यावर काय बोलणार? माणूस वाचलं तरी काढ्यानं आणि गेलं तरी काढ्याचा दोष नाही. कुणी गोळीचं नाव काढलं नाही. एकीनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, सराटा ओला चांगला की वाळलेला? मी म्हटलं, मावशी, तुम्ही कोणती गोळी घेता? ती म्हणाली, गुलाबी.

त्यानंतर केंद्र ताराबाईनं एकटीनं सुरू केलं. डबे थांबत नाहीत. मागच्या रविवारी मी खोलीतलं माझं सामान आवरत होते आणि तो वास आला. पुढं येऊन बघते तर जर्मनच्या पातेल्यात सराटे उकळत होते.

"ताराबाई! आता तरी!"

"तुझ्या आत्याची आठवण म्हणून घेते गं. तिनं सांगितलेलं कसं मोडू?"

"आणि गोळी?"

ताराबाईनं तोंड फिरवलं. हळदीच्या डब्याशेजारची डबी तिथंच होती.

मला इतका संताप आला की काय करावं कळेना. पातेलं ओतून देता आलं असतं, पण ते तिनं पुन्हा भरलं असतं. म्हणून मी टेबलावरचे डबे उतरवायला लागले. एकेक डबा जमिनीवर आपटत ठेवला. फरशी पुसली. तुझी काठवट उचलून वर ठेवली. पीठ घेतलं, पाणी घातलं, मळायला लागले. ताराबाई बघतच राहिली. चार वर्षांपूर्वी तू चापट मारलेलं तेच मनगट. त्यावर पीठ लागलं आणि मला वाटलं, आता मागून उलथणं येणार.

माझी भाकरी एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटलेली. उचलताना तिचे दोन तुकडे झाले.

"भाकरी हाय का नकाशा?" ताराबाई म्हणाली. तेराव्यानंतर ती पहिल्यांदाच हसली. मग कमरेवर हात ठेवून उठली. "सरक. टेबल उंच झालंय. भार कसा पडंल?" तिनं इकडंतिकडं बघितलं, कोपऱ्यातला जेवणाचा पाट पायानं ओढला, टेबलापाशी लावला आणि त्यावर चढून उभी राहिली. उंडा घेतला. थापायला लागली. पाटावर उभं राहिल्यामुळं तिचे खांदे बरोबर काठवटीवर आले होते, आणि भाकरी तिच्या हाताखाली गोल फिरत मोठी होत गेली. तिनं ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली.

आत्या, फुगली. टम्म फुगली.

ताराबाईनं अजून एक केली, तीही फुगली. मग ती पाटावरून उतरली आणि म्हणाली, "बास. उभं राहून पोटऱ्या भरतात. बाकीच्या बसून करते." आणि बसली, एक पाय दुमडून, एक गुडघा उभा करून. काम संपल्यावर तिनं डबी उघडली, गोळी काढली, माझ्याकडं बघितलं आणि तिचे दोन तुकडे केले. अर्धी घेतली. वर काढा प्यायली.

अर्धी! मी ओरडणार होते. पण तिसऱ्या पिंजऱ्यातून कुणी पळत पहिल्यात जात नाही. अहवालाच्या शेवटी मी एक वाक्य घातलं आहे, की अर्क दिलेल्या गटांची किडनी औषध न दिलेल्या गटाइतकी चांगली राहिली नाही. मॅडम म्हणाल्या, हे तक्त्यात दिसतंच की, वेगळं कशाला लिहायचं? मी म्हटलं, राहू द्या मॅडम. अडखळले नाही. त्यांनी राहू दिलं. ते वाक्य ताराबाई वाचणार नाही, तेराव्याला भेटलेली मावशीही वाचणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी सामान बांधलं होतं ते सोडलं. निदान परीक्षेपर्यंत इथंच राहते. सकाळी कॉलेजला जायच्या आधी टेबलापाशी उभी राहते आणि ताराबाईलाही पाटावर उभी करते. कधी ती ऐकते, कधी नाही.

उभ्यानं थापलेली भाकरी फुगते, आत्या. तुला हे ऐकवायचं होतं मला, समोर उभं राहून. तू काय म्हणाली असतीस तेही माहीत आहे.

"ताराची फुगली गं. तुझी कुठं फुगली?"

रोज एक करून बघते. अजून नाही फुगली.